फळीपलीकडची घागर

तांब्याची घागर नळाखाली धरली की ती किती भरली हे आत न बघता नुसत्या आवाजावरून कळते, आणि ज्या घरांत पाणी ठरावीक वेळेलाच येते तिथल्या बायकांना हे कोणी शिकवावे लागत नाही. पाणी वर येते तशी आतल्या हवेची जागा कमी होते आणि आवाज चढत जातो. पोकळ भांड्यातल्या हवेच्या या वागण्याचे गणित हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९व्या शतकात मांडले, आणि ते मला माझ्या भाचीने आमच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर घागर ठेवून समजावले. रिकाम्या घागरीवर फुंकर मारून जो सूर निघतो तोच एक सप्तक वर न्यायचा असेल, तर आतली हवा चौथा हिस्सा उरेपर्यंत, म्हणजे घागर पाऊण भरेपर्यंत, पाणी ओतावे लागते. मी हार्मोनियम घेऊन बसले. रिकामी घागर पांढरी चार या पट्टीच्या आसपास लागत होती. पाऊण भरल्यावर तिने वरची पांढरी चार अगदी नेमकी नव्हे, पण ओळख पटेल इतपत दाखवली. बडोद्याच्या सूरसागर तलावाच्या काठच्या गायनशाळेत, १८८६ साली मौलाबक्षांनी सुरू केलेल्या त्या शाळेत, तंबोरा जुळवण्यात वर्षे घालवल्यावर आपल्याला घागरही जुळवावी लागेल असे मला कधी वाटले नव्हते.

घागर आमची नव्हती. ती आत्याची होती. दांडिया बाजारातल्या आत्याच्या घरी आश्विन शुद्ध अष्टमीला महालक्ष्मी उभी करतात. सकाळी तांदळाच्या उकडीचा मुखवटा घडवतात, काजळाने त्याचे डोळे रेखतात, देवीला लुगडे नेसवतात, लग्नाला पाच वर्षे पुरी न झालेल्या वशेळ्या पूजा करतात, आणि संध्याकाळी उदाच्या धुरावर धुपवलेली घागर दोन्ही हातांनी तोंडाशी धरून बायका फुंकू लागतात. घुमल्यासारखा, पोटातून आल्यासारखा तो आवाज आणि त्याबरोबर पावलांचा ताल रात्री उशिरापर्यंत चालतो. कोणाच्या अंगात येते, कोणी तिला प्रश्न विचारते. बडोद्यात त्याच रात्री बाहेर नवरात्रातला गरबा रंगात आलेला असतो, त्यामुळे लाउडस्पीकरचा धडाका खिडकीतून आत येतो आणि आत्या न बोलता खिडक्या लावून घेते. बाहेर फेराच्या मध्यभागी सच्छिद्र मडक्यात दिवा असतो, आत धुपवलेली रिकामी घागर असते. एकाच शहरातल्या दोन भाषांच्या बायका एकाच रात्री मडक्याभोवती फिरत असतात, हे माझ्या लक्षात यायला मला पन्नाशी गाठावी लागली.

घागर फुंकण्यात आत्याचा हात कोणी धरू शकत नसे. इतर बायका जोर लावून फुंकत, दोन-चार फेऱ्यांत दमत आणि भोवळ आल्यासारख्या खाली बसत. आत्या घागर किंचित तिरपी धरी, खालचा ओठ काठाला टेकवी आणि श्वास अर्धाच सोडी, त्यामुळे तिचा आवाज मोठा नसे पण तुटत नसे. काका गेल्यावर तिने घागर हातात घेतली नाही. तिला कोणी मनाई केली असे मला आठवत नाही. एका अष्टमीला ती पुरणाचे यंत्र फिरवत स्वयंपाकघरातच राहिली, आणि तिला बाहेर बोलवायला कोणी गेले नाही, मीही नाही.

भाचीची गोष्ट याहून साधी आहे. चौदाव्या वर्षी नेमकी अष्टमीलाच ती बाजूला बसली. आत्याच्या घरात माजघर आणि मागची खोली यांच्यामध्ये जुन्या सागवानी फळ्यांची भिंत आहे. त्या मागच्या खोलीत तिला वेगळे ताट, वेगळा तांब्या आणि एक सतरंजी देऊन बसवले होते. तिला घागरी दिसत नव्हत्या. कंटाळून तिने फळीला पाठ टेकली, तेव्हा आवाज कानाच्या आधी पाठीच्या मणक्यांत आला. मग तिने कान लावला, कपाळ लावले, दात लावून पाहिले. हवेतून येताना जो आवाज गरब्याच्या गोंगाटात बुडत होता तो लाकडातून स्वच्छ येत होता, घागर हातातून हातात जाताना होणारी बांगड्यांची किणकिणसुद्धा. पुढे तिने शिल्पकलेची पदवी घेतली, दगड फोडला, लोखंड जोडले, आणि बारा वर्षांनी तिने जे पहिले स्वतःचे म्हणावे असे काम केले ते त्या फळीवर येऊन थांबले.

कामाची रचना ती मला कागदावर काढून दाखवत होती तेव्हा मी फारशा उत्साहाने ऐकत नव्हते, हे कबूल करते. ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणून जे दाखवले जाते त्यातले पुष्कळसे मला दाराच्या घंटीसारखे वाटते: बटण दाबा, आवाज येईल, पुढच्याला जागा द्या. बघणाऱ्याला आपण काही केले असे वाटते आणि त्याचे काहीच पणाला लागत नाही. भाचीच्या रचनेत मात्र एक खोच होती. मध्ये उभी फळ्यांची भिंत. अलीकडे दोरांनी टांगलेल्या सात घागरी, ज्यांना कोणीही हात लावावा, वाजवावे, फुंकावे. पलीकडे काहीच नाही, नुसती भिंत, जिला कान किंवा पाठ टेकवली तरच घागरींचा आवाज येईल. जो वाजवतो त्याला आपण वाजवलेले पलीकडे कसे पोचले ते कळत नाही, आणि ज्याला ते पोचते त्याला कोण वाजवत आहे ते दिसत नाही. पलीकडच्या बाजूला, भिंतीला पाठ टेकून, सतरंजीवर भाची स्वतः बसणार होती, रोज संध्याकाळी चार तास, चार दिवस.

“चारच दिवस का?” असे मी विचारले, आणि तिने माझ्याकडे असे पाहिले की मला माझीच लाज वाटली.

ती संदर्भासाठी जी नावे गोळा करत होती त्यांतली बरीच मला नवी होती, आणि त्यांतल्या काही माझ्या मनात घर करून राहिल्या. एलन फुलमन ही शिल्पकला शिकलेली अमेरिकन बाई १९८० साली मिनियापोलिसच्या रस्त्यावरून पत्र्याचा, चुण्यांचा घागरा घालून चालली. तिच्या बुटांच्या टाचांपासून आणि चवड्यांपासून घागऱ्याच्या काठापर्यंत गिटारच्या तारा ताणलेल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक पावलाला तारा ओढल्या जात, पत्रा बोले आणि बरोबरच्या छोट्या ॲम्प्लिफायरमधून तो आवाज रस्त्याला ऐकू येई. त्या चालण्याला तिने जे इंग्रजी नाव दिले त्याचा अर्थ रस्त्यावर चालणारी असाही होतो आणि रस्त्यावर गिऱ्हाइकाची वाट पाहणारी असाही. घागर आणि घागरा हे शब्द शेजारी ठेवल्यावर भाची खूप वेळ हसली, मग तिने ते वहीत लिहून घेतले. पुढे याच फुलमनने पन्नास फुटांहून लांब तारा ताणून, हाताला राळ लावून, तारांच्या कडेने चालत चालत वाजवायचे वाद्य उभे केले आणि त्यात आयुष्य घातले. बाईचे चालणे हेच वादन, हा धागा तिने सोडला नाही असे मला वाटते.

क्रिस्टिना कुबिश ही जर्मन कलावती रीतसर बासरी शिकलेली. १९७०च्या दशकाच्या मध्यात तिने बोटांत शिवणकामाची अंगुस्ताने घालून बासरी वाजवली, म्हणजे स्वरापेक्षा धातूवर धातू आपटल्याचा आवाज पुढे आला. कधी हातांत बॉक्सिंगचे हातमोजे चढवले, ज्यांनी छिद्रे झाकणेच शक्य नाही. वाचताना मला माझ्या आईचे अंगुस्तान आठवले, ज्याला टोकाशी एक बारीक भोक पडले होते आणि तरी ती तेच वापरत असे. लेतिशिया सोनामीने १९९१ साली स्वयंपाकघरातल्या रबरी हातमोज्यांना बोटांच्या टोकांशी संवेदक चिकटवले, दुसऱ्या हातावर लोहचुंबक ठेवला, आणि बोटे त्या चुंबकाजवळ नेऊन आवाज घडवला.

या सगळ्यांत मला सर्वांत अस्वस्थ केले ते शार्लट मूरमन या चेलोवादक बाईच्या हकिकतीने. नाम जून पाइक या संगीतकाराची रचना तिने १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये उघड्या छातीने वाजवली, आणि पोलिसांनी दोघांनाही पकडले. रचना त्याची, देह तिचा. न्यायालयाने दोषी ठरवले ते तिला. शिक्षा स्थगित राहिली तरी ठपका तिच्यावर बसला आणि तो सुटला. दोन वर्षांनी त्याच पाइकने तिच्यासाठी दोन छोट्या टीव्ही संचांची चोळी केली आणि ती तिने अंगावर घालून चेलो वाजवला, तेव्हा चेलोच्या आवाजाबरोबर पडद्यावरची चित्रे बदलत होती. कला म्हणून ते मोठे असेल. मला मात्र त्या काचेच्या आणि विजेच्या भाराखाली श्वास घेणाऱ्या बाईचा विचार आधी येतो. भाचीचे आणि माझे यावर भांडण झाले. तिचे म्हणणे असे की मूरमन कोणाची बाहुली नव्हती, तिने स्वतः ते निवडले होते, आणि तिला बिचारी म्हणणे हा माझा गायनशाळेतला सोवळेपणा आहे. ते अजून मिटलेले नाही.

आपल्याकडचीही नावे होतीच. पुष्पमाला एन. यांचे शिक्षण याच बडोद्यात शिल्पकलेत झाले आणि पुढे त्यांनी स्वतःच्या देहालाच शिल्प आणि पात्र करून छायाचित्रे घडवली, हे भाचीला पहिल्या वर्षापासून ठाऊक होते. शिल्पा गुप्ता यांच्या एका मांडणीत, स्वतःच्या कवितांसाठी किंवा राजकीय भूमिकेसाठी तुरुंगात टाकलेल्या १०० कवींच्या ओळी धातूच्या १०० दांड्यांना टोचलेल्या असतात आणि वर लोंबणारे १०० मायक्रोफोन ऐकण्याऐवजी बोलतात, कारण त्यांच्या तारा उलट जोडून त्यांना स्पीकर केलेले असते. ही उलटापालट भाचीला फार उपयोगी पडली.

कारण तिच्याकडे असलेली मुख्य वस्तू हीच उलटापालट करणारी होती. पितळेची, मोठ्या टिकलीएवढी एक चकती, तिच्यावर पांढऱ्या सिरॅमिकचा पातळ थर. खेळण्यांत आणि घड्याळाच्या गजरात पीं-पीं करते ती हीच. दाब दिला की तिच्यात वीज निर्माण होते, वीज दिली की ती थरथरते. यातला पहिला गुण क्युरी बंधूंनी १८८० साली स्फटिकांत शोधला आणि दुसरा पुढच्या वर्षी पडताळून पाहिला. म्हणजे जी चकती बोलते तीच ऐकते. भाचीने अशा चकत्या गोंदाने घागरींच्या पोटाला चिकटवल्या, आणि भिंतीच्या मागे फळ्यांनाच हलवणारे एक्सायटर बसवले, जेणेकरून लाकूडच स्पीकर होईल. पहिल्या चाचणीत तिच्या लक्षात आले की चकतीला टणत्कार ऐकू येतो, फुंकर ऐकू येत नाही. घागरीवर बोट आपटले की धातू थरथरतो. घागरीत फुंकले की थरथरते ती आतली हवा, आणि जाड तांब्याच्या भिंतीला त्याचा पत्ताही लागत नाही. जे ऐकवण्यासाठी सगळा खटाटोप होता तेच चकतीच्या कानाआड जात होते. शेवटी प्रत्येक घागरीच्या गळ्यात हरभऱ्याएवढा एक माइक सोडावा लागला, आणि त्या माइकवर वारा आपटू नये म्हणून त्याला फोमची टोपी शिवावी लागली. ती टोपी आत्याने शिवली, काय आहे हे न विचारता, सात नग.

फुंकर कशी मारायची हेही आत्यानेच शिकवले. तिने घागर हातात घेतली नाही; ओट्यावरचा पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि त्यावर दाखवले. “ओठ दाबू नकोस. काठावर नुसता ठेव. आणि सगळा श्वास घालवू नकोस, परत घ्यायला थोडा आत ठेव.” भाचीने फोन ओट्यावर ठेवून ते टिपून घेतले. साडेचार मिनिटांच्या त्या ध्वनिमुद्रणात आत्याची तांब्यावरची फुंकर आहे, तिचे बोलणे आहे आणि मध्येच कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत. आत्याने दोनदा बजावले की शिट्ट्या काढून टाक. भाचीने काढल्या नाहीत, आणि तेच ध्वनिमुद्रण भिंतीच्या अगदी खालच्या फळीत, जमिनीवर बसल्याशिवाय ऐकू येणार नाही अशा उंचीवर सोडले.

मांडणी गावातल्याच एका जुन्या वाड्याच्या चौकात केली होती. पहिली संध्याकाळ वाया गेली. भिंतीला कान लावावा तर घागरींच्या आधी एक सलग घुमारा ऐकू येई, घरगुती विजेचा, सेकंदाला ५० कंपनांचा, म्हणजे पांढरी पाचच्या जवळपास आणि चांगला दोन सप्तके खाली. एरवी हा आवाज म्हणजे नुसती कटकट. पण घागरी पांढरी चारला आणि वीज पांढरी पाचला, हे ऐकत राहणे माझ्या कानाला शिक्षा होती. या चकत्यांचा प्रवाह इतका क्षीण असतो की आसपासच्या तारांमधली वीज त्यात सहज शिरते, आणि जुन्या वाड्याच्या वायरिंगला अर्थिंग नव्हतेच. दुसऱ्या दिवशी वायरमनने अर्थची नवी तार ओढली, भाचीने साध्या तारा काढून जाळीच्या कवचातल्या घातल्या, तेव्हा कुठे भिंत गप्प झाली.

दुसऱ्या संध्याकाळी मी पलीकडे, भाचीपासून हातभर अंतरावर, फळीला कान लावून उभी होते. ती भिंतीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन बसली होती, शेजारी ताट आणि तांब्या. तिच्या ओठांशी आठवी घागर होती, आत्याची, जी कशालाच टांगलेली नव्हती. काही वेळाने ती फुंके, मग थांबे. अलीकडून कोणीतरी हलक्या नखांनी घागरी वाजवत होते, बहुधा लहान मूल. मग एकदम कानशिलावर मारावे तसा घाव आला, पुन्हा आला, पुन्हा. मी कान काढून घेतला. भाची जागची हलली नाही, फक्त तिचे खांदे वर आले. मी वळसा घालून पाहिले, तर एक सद्गृहस्थ बोटांतल्या अंगठ्यांनी घागर बडवत होते, आणि अगदी मनापासून, तालात बडवत होते. त्यांना दोष देता येत नव्हता. बडोदे हे प्रेमानंदाचे गाव आहे; सतराव्या शतकातल्या या गुजराती आख्यानकवीच्या परंपरेतले माणभट्ट बोटांत अंगठ्या घालून माण म्हणजे तांब्याच्या घागरीवर ठेका धरत आख्याने गातात, आणि त्या गृहस्थांच्या हातात तोच ठेका होता. पुरुषाच्या हातातली घागर इथे शतकानुशतके वाद्य आहे. बाईच्या डोक्यावर ती पाणी आहे, आणि वर्षातून एक रात्र देवीच्या नावाने आवाज आहे. ठेका संपवून ते समाधानाने पलीकडच्या बाजूला आले, लोकांचे बघून त्यांनीही फळीला कान लावला, आणि तेवढ्यात अलीकडे दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने तसाच घाव घातला. ते दचकून मागे सरले. मग बसलेल्या मुलीकडे त्यांनी प्रथमच पाहिले. काही न बोलता ते जमिनीवर बसले, बराच वेळ बसून राहिले, आणि त्यांना आत्याच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या असाव्यात, कारण ते हसले.

चार दिवसांत किती जण बसले आणि किती जण फोटो काढून गेले याचा हिशेब मी ठेवला नाही. एक गोष्ट मात्र खटकली ती सांगते. घागरी फुंकायला फार थोडे लोक पुढे आले. वाजवायला सगळे तयार. तोंड लावायचे म्हटले की उष्ट्याचा विचार आड येई. भाचीने काठ पुसायला स्वच्छ फडकी ठेवली होती, तरी बायका एकमेकींकडे बघून हसत आणि मागे सरत. आत्याच्या घरी एकच घागर वीस जणींच्या तोंडाला लागते आणि तिथे कोणाला उष्टे वाटत नाही, हे मी एकीला सांगितले, तर ती म्हणाली, “तिथे देवीचं असतं ना.” याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून, सभागृहात बसून, घरंदाज बाईला जाहीर गाता येते हे दाखवून दिले त्याला किती काळ लोटला. त्यांच्या नावात आमचे गाव आहे याचा आम्हाला अभिमान आहे. पण देवाच्या आणि गाण्याच्या आधाराशिवाय बाईने नुसता मोठ्याने श्वास सोडावा, त्यासाठी अजून आम्हाला काहीतरी निमित्त लागते. मला स्वतःलाही लागले. चौथ्या दिवशी रात्री सगळे गेल्यावर मी एक घागर तोंडाशी धरली, तेव्हा पहिल्या फुंकरीला सूर आलाच नाही, नुसती हवा आली.

आत्या मांडणी बघायला आली नाही. वाड्याचा जिना आणि मे महिन्यातले ऊन ही तिची कारणे होती आणि ती खरी होती. तिने फक्त निरोप पाठवला की अष्टमीच्या आत घागर घरी यावी. भाचीने ती मेमध्येच परत नेऊन दिली. प्रयोगाच्या दिवसांत हीच घागर आधी वापरल्यामुळे तिच्या पोटाला एक चकती राहून गेली होती. ओढून काढली तर तांब्यावर चरा उठेल म्हणून भाची गोंद विरघळवायचे औषध आणायला निघाली, तर आत्याने तिला थांबवले आणि चिंचेने घासून घागर फडताळात ठेवून दिली, चकतीसकट.

यंदाच्या अष्टमीला आम्ही दोघी गेलो. खिडक्या लावून झाल्या होत्या, तरी गरब्याचा ढोल जमिनीतून जाणवत होता. मुखवटा छान उतरला होता, फक्त एक डोळा किंचित मोठा झाला होता. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसली होती, आत नाही आणि बाहेरही नाही. पहिल्या वर्षाची वशेळी, सुरतेहून आलेली मुलगी, धुपवलेली घागर उचलताना थबकली आणि तिने चकतीवर बोट ठेवून विचारले, “हे काय चिकटलंय?”

“कान आहे तो,” आत्या म्हणाली. “राहू दे. घागर जरा तिरपी धर, आणि ओठ दाबू नकोस.”